वाढत्या अंगाची गाडी

आपल्याकडे मुलाला सदरा शिवावयाचा झाला की शिंप्याला एकच सूचना असते : "वाढत्या अंगाचा शिवा." शिंपीही अधिक काही विचारीत नाही. बाह्या चार बोटे लांब, खांदे थोडे उतरते, विजारीच्या पायाशी आतून जाड दुमड. पहिल्या वर्षी मूल त्या सदऱ्यात हरवते, दुसऱ्या वर्षी सदरा नेमका बसतो, तिसऱ्या वर्षी मनगटे बाहेर येतात आणि सदरा धाकट्याकडे जातो. या व्यवहारात शहाणपण आहे, त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्याच्या घरी पगार वीस तारखेलाच संपतो, त्याने दरसाल नवा सदरा कोठून आणावा? परंतु हेच सूत्र आपण मुलाच्या गाडीलाही लावतो, आणि तेथे ते फसते. सैल सदरा मुलाला पाडीत नाही. मोठी गाडी पाडते.

गाडी म्हणजे येथे मूल ज्यावर बसून किंवा ज्याला धरून पुढे जाते ते कोणतेही वाहन : पांगुळगाडा, सायकल, पायांत बळ नसलेल्या मुलाची तीनचाकी. ही वाहने बनविणारे बहुतेक प्रौढ, विकत घेणारे प्रौढ, आणि मापही प्रौढांच्याच डोळ्याचे. शिवाय ज्याच्यासाठी ती बनवावयाची ते गिऱ्हाईक एका मापावर थांबत नाही. जन्मतः मूल सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते, वर्षाचे होईतो ७५ च्या घरात जाते, चौथ्या वर्षी १०० च्या आसपास पोहोचते आणि तेथून वयात येईपर्यंत दरसाल पाच-सहा सेंटिमीटर वाढते. त्यातही सगळे अवयव एका हिशोबाने वाढत नाहीत. या वर्षांत पाय धडाच्या पुढे धावतात. आपले मुदखेड जंक्शनचे गाव, म्हणून रेल्वेचाच दाखला देतो. येथून जाणारे रूळ आधी मीटरगेजचे, म्हणजे १००० मिलिमीटर अंतराचे होते. ते १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज व्हावयास शतकभराचा काळ जावा लागला. आपल्या घरातल्या पोराचे गेज दर जून महिन्यात बदलते, आणि त्यासाठी कोणी अर्थसंकल्पात तरतूद करीत नाही.

आपल्या जुन्या सुतारांना ही अडचण ठाऊक होती असे पांगुळगाड्याकडे पाहून वाटते. पुढे एक चाक, मागे दोन, आणि उभे राहून धरावयास एक आडवी दांडी, एवढेच ते यंत्र. त्यात बसण्याची सोयच नाही. मूल आपल्या पायावर उभे राहील तरच गाडा चालतो, आणि ते थांबले की गाडा थांबतो. दांडी मुलाच्या छातीखाली, कमरेच्या वर आली पाहिजे. फार उंच असली तर मूल लोंबकळते, फार खाली असली तर वाकते. चाके घट्ट असली तर गाडा सावकाश सरकतो, आणि नवख्या मुलाला तेच हवे असते. हल्ली बाजारात गोल चौकटीत झोळी लावलेले रंगीत वॉकर मिळतात. त्यात मूल बसून पायाच्या बोटांनी जमीन ढकलते आणि बघता बघता पायऱ्यांपर्यंत पोहोचते. कॅनडाने २००४ साली असल्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशीच बंदी मागत आली आहे. सुताराचा लाकडी गाडा मुलाला चालावयास लावतो आणि वॉकर त्याला बसवून पळवितो, हा फरक दिसावयास लहान असला तरी महत्त्वाचा आहे.

यानंतर सायकल. आमच्या पिढीने, आणि आधीच्या दोन पिढ्यांनी, बापाच्या काळ्या सायकलीवर हाफ पायडल मारून शिक्षण घेतले. सीटवर पाय पुरत नाहीत, मधल्या नळीवरही पुरत नाहीत, म्हणून नळीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालावयाचा, डाव्या हाताने हॅंडल, उजव्या काखेत सीट, आणि अर्धेच पायडल वरखाली करीत सगळे अंग एका बाजूस वाकवून जावयाचे. ही कसरत सर्कशीत दाखविली तर लोक तिकीट काढतील. पुढे नळीवर, आणि त्यानंतर सीटवर, अशा त्या बढत्या असत. त्या दिवसांची गोडी आम्हासही आहे, पण गोडी वेगळी आणि हिशोब वेगळा. ती सायकल वजनाने वीस किलोच्या आसपास, आणि सहा वर्षांचे पोरही वीस किलोच्या आसपास. स्वतःच्या वजनाइतके ओझे तोलून धरावयास आपण कोणत्या हमालाला सांगू? आणि सांगितलेच, तर युनियन काय म्हणेल?

सायकल मुलाच्या अंगाला बसविणे अवघड नाही. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभे करावे, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक आडवे धरून जांघेपर्यंत वर न्यावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावावा. हे पायाचे खरे माप. शिकाऊ मुलाचे सीट या मापापेक्षा दोन बोटे खालीच हवे, म्हणजे दोन्ही तळवे जमिनीला पुरतात. शिकून झाल्यावर सीट वर न्यावे, मात्र पायडल अगदी खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. याकडे पुष्कळ जण लक्ष देतात. क्रँककडे कोणी पाहत नाही. पायडल ज्या दांड्याला लावलेले असते तो क्रँक. प्रौढाच्या सायकलीत तो साडेसहा-पावणेसात इंचांचा असतो. पायाच्या मापाच्या पाचव्या हिश्श्याइतका क्रँक ठेवावा असा एक ठोकताळा आहे. त्या हिशोबाने ५० सेंटिमीटर पाय असलेल्या मुलाला १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच पुरतात. त्याला सतरा सेंटिमीटरचा क्रँक दिला की गुडघा छातीला लागतो, कंबर डावी-उजवीकडे डोलते, आणि मूल दमून म्हणते, "मला येत नाही." येत नाही ते सायकलीला, पण बोल मुलाला बसतो.

ज्यास तोल साधत नाही त्याची पायडले पान्याने काढून ठेवावीत व सीट खाली करून त्याला पायांनी जमीन रेटीत जाऊ द्यावे. हा काही नवा शोध नव्हे. जर्मनीत कार्ल ड्रेस यांनी १८१७ साली जे दुचाकी यंत्र केले त्याला पायडले नव्हतीच. मोठी माणसे त्यावर बसून जमीन रेटीत जात. म्हणजे सायकलीच्या इतिहासाने जो क्रम पाळला तोच मुलाने पाळला तर ते लवकर शिकते. ब्रेकचेही असेच आहे. मुलाची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पोहोचून ती आवळता येते की नाही, हे गाडी उभी असताना पाहावे. उतारावर पाहणे बरे नव्हे. (सायकलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलस सायकलीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. कामगारांनी तो कसा साजरा केला असेल ते आपण समजू शकता.)

यंत्र कोणाच्या मापाने चालते, हा प्रश्न आम्हा कामगार-चळवळीतल्या माणसांना जुना आहे. १९०९ साली लुईस हाइन या छायाचित्रकाराने अमेरिकेत, जॉर्जियातील मेकन गावच्या सूतगिरणीत काढलेले एक चित्र आहे. दोन पोरे चालत्या साच्याच्या चौकटीवर अनवाणी चढून तुटलेले धागे जोडीत आहेत. ती इतकी लहान की जमिनीवर उभे राहून त्यांचे हात चात्यांपर्यंत पुरत नाहीत. त्या गिरणीत यंत्राची उंची कोणी कमी केली नाही, पोरांनाच चढविले. आपल्या देशातही १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची मनाई केली. म्हणजे आठव्या वर्षी चालत होते! १८९१ साली ती मर्यादा नऊ झाली, १९२२ साली बारा, आणि १९४८ च्या कायद्याने चौदा. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे झगडले त्या काळातली ही पोरे. मुलाला यंत्राच्या मापाला ओढण्याची ही सवय गिरणीतून गेली, कायद्याने घालविली. पण खेळण्यात, सायकलीत आणि, दुर्दैवाने, मदत म्हणून दिलेल्या वस्तूंतही ती अजून सापडते.

बर्फाच्या मुलुखात याच प्रश्नाला इंजिन जोडलेले असते, म्हणून तिकडे एकदा पाहून येऊ. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जात आणि गावे महिनोन्‌महिने तुटून पडत. तेथल्या वालकूर गावच्या जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए या पंधरा वर्षांच्या मुलाने १९२२ साली जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन घसरगाडीला लावून मागे पंखा बसविला आणि बर्फावर गाडी पळविली. उघडा पंखा पाहून बापाने ती तात्काळ मोडावयास लावली, आणि बापाचे काही चुकले असे आम्हास वाटत नाही. पुढे याच बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बंद होते, इस्पितळ दूर होते, आणि मूल दगावले. १९३७ साली त्यांना दातेरी चाक व पट्ट्यावर चालणाऱ्या रचनेचे पेटंट मिळाले व सात माणसे बसतील अशी बर्फावरची मोटार बाहेर पडली. एकट्यादुकट्याने चालवावयाची हलकी बर्फगाडी १९५९ साली आली.

आता त्या देशांत मुलांसाठी लहान बर्फगाड्या निघतात. अमेरिकेतील आर्क्टिक कॅट कारखान्याने १९७० च्या दशकात किटी कॅट नावाची, साठ सीसी इंजिनाची, अगदी लहान पोरांची गाडी काढली. पुष्कळ घरांत मूल वाढू लागले की बाप अंगणात बसून तीच गाडी सुधारतो : हॅंडल वर घेतो, पुढच्या पट्ट्या रुंद लावून गाडी उलटणार नाही असे पाहतो, सीटखाली जाड गादी घालतो. यातल्या दोन युक्त्या आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, वेगाला अटकाव. प्रौढाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे मुलाने कितीही मूठ दाबली तरी गाडी जात नाही, आणि मूल शिकत जाईल तशी ही मर्यादा वाढविता येते. दुसरी, दोरी, तिचे एक टोक मुलाच्या कोटाला आणि दुसरे गाडीच्या कळीत. मूल पडले की दोरी सुटते आणि इंजिन बंद. यंत्र वाढत्या मुलाच्या हाती द्यावयाचे तर त्याची हद्दही मुलाबरोबर वाढती ठेवावी लागते, ही समज त्या रचनेत आहे.

आता आपल्या गावी परत येतो, कारण ज्या गाडीसाठी हा सगळा प्रपंच केला ती येथलीच आहे. मोंढ्यात हमाली करणाऱ्या आमच्या एका बांधवाची मुलगी, वय नऊ, दोन्ही पायांत बळ नाही आणि स्पर्शही मंद. एका वाटप-शिबिरात तिला हाताने फिरवावयाची तीनचाकी मिळाली. हार पडले, फोटो निघाले. गाडी मजबूत होती, रंग चांगला होता, आणि ती पुऱ्या वाढलेल्या माणसासाठी केलेली होती. पाठ टेकून बसावे तर मुलीचे पाय फळीवर आडवे पसरत आणि हात दांड्यापर्यंत पोहोचत नसत. दांडा धरावा तर पाठीला आधार नाही. तिने दुसरा मार्ग धरला, कारण तिला शाळेत जावयाचे होते. काही महिन्यांत ती डावीकडे कलून बसू लागली आणि बैठकीच्या हाडावर लाल डाग उमटू लागला. बापाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, मोठी होईल तशी बसंल गाडीत." सदऱ्याचेच सूत्र! पण सदरा वाट पाहू शकतो. मणका वाकू लागला की तो गाडी भरून येण्याची वाट पाहत नाही, आणि स्पर्श नसलेल्या कातडीवर पडलेली जखम भरावयास महिने जातात.

मग एक वेल्डिंगवाला, एक सुतार आणि आम्ही असे बसलो. चौथी ती मुलगी, कारण माप तिचे होते. बुडाच्या मागच्या बाजूपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत ३४ सेंटिमीटर. त्यातून चार वजा करावयाचे, म्हणजे बैठकीची कड पोटरीला रुतत नाही. बैठकीची खोली ३०. कमरेची रुंदी २४. दोन्ही बाजूंस एकेक बोट सोडून २८. खळगीपासून टाचेपर्यंत ३१. तेवढ्या अंतरावर पायफळी, मात्र हे अंतर गादी दबल्यावर मोजावयाचे. गाडीची मूळ बैठक ४५ खोल आणि त्याच हिशोबाने रुंद होती. म्हणजे पाठ पंधरा सेंटिमीटर पुढे आणावयाची, आणि मुलगी वाढेल तशी ती मागे जाऊ द्यावयाची.

येथे कमरेचा पट्टा उपयोगी पडला. पट्ट्याला जशी भोके, तशी दोन लोखंडी अँगलना सहा-सहा भोके पाडली, एकेकात अडीच सेंटिमीटरचे अंतर. पाठीची फळी या अँगलवर दोन बोल्टांनी बसते. मांडी वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर वाढते. एक भोक दीड वर्षाच्या आसपास पुरते. सहा भोके म्हणजे जवळजवळ तिचे सगळे वाढीचे वय. बैठकीची पुढची कड जागची हलवावयाची नाही. पाठ मागे गेली की मांडीला जागा होते, आणि दांडाही तेवढाच लांब जातो. पण तोवर हातही वाढलेले असतात, त्यामुळे एकाच बोल्टात दोन कामे होतात. बाजूंना सुताराने सागाच्या पातळ पट्ट्या एकावर एक ठोकून त्यावर गादी चढविली. कंबर रुंदावली की एक पट्टी काढावयाची. पायफळी दोन पट्ट्यांना टांगलेली, त्यांनाही भोके. चौकट पुढच्या वर्षांसाठी आणि बैठक आजच्यासाठी, असा हा सगळा बेत होता. वाढीची जागा ठेवावयाची ती मुलाच्या अंगाभोवती नव्हे, लोखंडाच्या भोकांत.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीच्या लक्षात आली, आमच्या आली नव्हती. मुलगी पंधरा सेंटिमीटर पुढे सरकली म्हणजे वजन पुढच्या एकट्या चाकाकडे गेले, आणि तीनचाकी वळणावर उलटते ती अशाच वेळी. उपाय त्यानेच केला. पाठीमागे जी जागा रिकामी झाली तेथे, दोन मागच्या चाकांच्या आसावर, दप्तर ठेवावयास खोका बसविला. आजकालच्या दप्तराचे वजन एरवी शाप आहे. येथे ते वर आले. तरी पहिले आठ दिवस सपाट अंगणात, बाजूला माणूस ठेवून, वळणे घेऊन पाहिलीच.

वेल्डिंग करणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुख्य नळीला भोक पाडू नये. पट्टीचा क्लॅम्प आवळावा, कारण नळी मोडते ती भोकापाशीच. जस्ताचा मुलामा असेल तेथे तो आधी घासून काढावा, नाहीतर त्याच्या धुराने कारागीर आजारी पडतो. बोल्टाची टोके मुलाच्या बाजूला येऊ देऊ नयेत. गादी दाट फोमची असावी, कापसाची गादी महिन्याभरात पोळी होते. आणि गादी कितीही चांगली असली तरी स्पर्श नसलेल्या मुलाला दर अर्ध्या तासाने दोन्ही हातांनी रेटून बूड उचलावयास शिकवावे, व रात्री आईने कातडी पाहावी.

सरकार काय करते, असे कोणी विचारील. सरकार काही करतच नाही असे नाही. कृत्रिम अवयव व अशा गाड्या बनविणारे महामंडळ कानपूरला १९७२ पासून आहे, आणि साहाय्यक साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ पासून. त्या योजनेच्या नियमांत एक तरतूद आहे, ती पालकांना बहुधा कोणी सांगत नाही : एकदा साधन मिळाल्यावर तेच पुन्हा मिळण्यास एरवी तीन वर्षे थांबावे लागते, पण बारा वर्षांखालील मुलास एकच वर्ष. मुले वाढतात हे नियम करणाऱ्याला ठाऊक होते तर! शिबिरात रांग लावणाऱ्याला ते ठाऊक असावे, एवढेच मागणे आहे. पूर्वी या गाड्या बहुतांशी पोलिओ झालेल्यांसाठी असत. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ही फार मोठी कमाई आहे. पण त्यामुळे गिऱ्हाईक बदलले. पोलिओच्या मुलाचे हात बहुधा धड असत, त्याला हाताची तीनचाकी चाले. जन्मवेळी मेंदूला इजा झालेल्या मुलाला पुष्कळदा मानेचा, धडाचा आधार लागतो. त्याला तीच गाडी देऊन भागत नाही. शब्द अपंगाचा दिव्यांग झाला. बैठकीचे माप बदलल्यावाचून त्या मुलाची पाठ सरळ होत नाही.

ज्यांना स्वतः खटपट करावयाची असेल त्यांनी डेव्हिड वर्नर यांचे खेड्यातील अपंग मुलांविषयीचे, १९८७ साली निघालेले पुस्तक मिळवावे. मेक्सिकोच्या डोंगरी खेड्यात अपंग माणसांनीच चालविलेल्या कामातून ते उभे राहिले आहे. इंग्रजी येत नसले तरी त्यातली चित्रे पाहून सुतार आणि लोहार निम्मे काम समजतात.

आमच्या मोंढ्यातल्या मुलीची पाठीची फळी सध्या दुसऱ्या भोकात आहे. माप दरसाल जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात घेतले जाते. त्याच दिवशी चेनला तेल, ब्रेकची तपासणी आणि बोल्ट आवळणे होते. भोके संपली की चौकट दुसऱ्या मुलाकडे द्यावयाची असे ठरले आहे. ती देताना गादी नवी भरावी लागेल, आणि फळी पुन्हा पहिल्या भोकात आणून नव्या मुलाचे माप घ्यावे लागेल.